आस्कंद, थायरॉइडची गोळी आणि ‘आणखी काही घेता का?’ हा प्रश्न

‘या गोळीखेरीज आणखी काही घेता का?’ असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता ‘नाही’ म्हणाले. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली ही गोष्ट आहे. स्वस्थ बसलेली असतानाही माझी नाडी 104 वर होती, ऑफिसात व्हाउचरवर सही करताना बोटे थरथरत होती, आणि जेवणात काहीही बदल नसताना दोन महिन्यांत वजन तीन किलोने उतरले होते. थायरॉइडसाठी मी नऊ वर्षांपासून रोज सकाळी 50 मायक्रोग्रॅमची एकच गोळी घेत आले आहे आणि माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारे संप्रेरक, इतकी वर्षे दोन-तीनच्या घरात राहिला होता. शरीरात थायरॉइड जास्त झाले की हा आकडा खाली जातो. या वेळच्या अहवालात तो 0.08 होता. गोळीचा डोस तोच, कंपनी तीच, घेण्याची वेळही तीच. डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, ‘चूर्ण, काढा, कुणी दिलेली एखादी कॅप्सूल?’ तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघाले, ‘अश्वगंधा घेते हो. पण ते काही औषध नाही, आयुर्वेदिक आहे.’

या वाक्याची मला आजही टोचणी आहे. आयुर्वेदिक म्हणजे औषध नव्हे, असे मानताना आपण त्या वनस्पतीवर आणि त्या शास्त्रावर एकाच वेळी अन्याय करतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यानंतरच्या वर्षभरात या विषयावर जमेल तितके वाचले, जाणत्यांना विचारले आणि अश्वगंधेची, म्हणजेच आस्कंदाची, मुळे जिथे विकली जातात तो बाजारही पाहून आले. त्यातून जे कळले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या ओळखीत अश्वगंधा घेणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलेली नाहीत आणि त्यांतल्या बहुतेकांनी ती कुणालाही न विचारता सुरू केलेली आहे.

मीही तशीच केली होती. फेब्रुवारीत आई न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. पाठोपाठ मार्चअखेर आली आणि लेखा विभागातल्या माणसासाठी मार्चअखेर म्हणजे काय, हे त्यात राबलेल्यांना सांगायला नको. दिवस ऑफिसात आणि रात्र आईच्या उशाशी, असे चालले होते. रात्री दोन वाजता जाग आली की पुन्हा डोळा लागत नसे. माझी ओढाताण पाहून एका सहकारी मैत्रिणीने अगदी मायेने तिच्याजवळची बाटली दिली. शरीराला ताणाशी जुळवून घ्यायला मदत करणारी वनौषधी, असे तिच्यावर छापलेले होते. 300 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल सकाळी आणि एक रात्री. खरे सांगायचे, तर तीन आठवड्यांत मला बरे वाटू लागले. मोडलेली झोप पुन्हा लागू लागली आणि ऑफिसात कुणी दोनदा तेच विचारले तरी अंगावर काटा येईनासा झाला. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते आहे. अश्वगंधेने काहीच होत नाही, असे माझे म्हणणे नाही. तिने होते, आणि म्हणूनच पुढचे सगळे लिहायचे आहे.

‘ताणाशी जुळवून घ्यायला मदत करणारी’ हे शब्द आयुर्वेदातून आलेले नाहीत, हे मला पुष्कळ उशिरा समजले. 1936 साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवा, त्यांच्याकडून अतिश्रम करवून घ्या किंवा त्यांना विषारी पदार्थ टोचा. कारण कोणतेही असो, शरीराची प्रतिक्रिया बरीचशी एकसारखीच असते, आणि ती आधी धोक्याची सूचना, मग प्रतिकार आणि अखेर थकवा अशा टप्प्यांनी जाते, हे त्यांचे प्रतिपादन होते. प्रतिकाराचा मधला टप्पा लांबवता आला तर माणूस अधिक काळ तग धरेल, ही कल्पना सोव्हिएत संघातल्या शास्त्रज्ञांनी उचलली. निकोलाय लाझारेव्ह यांनी 1947 साली अशा पदार्थांसाठी ‘अ‍ॅडॅप्टोजेन’ हा शब्द योजला. पुढे व्लादिवोस्तोक इथे इझ्रायल ब्रेखमन यांनी जिनसेंगवर आणि मग त्याच कुळातल्या, पण सैबेरियाच्या पूर्वेकडील जंगलांत मुबलक वाढणाऱ्या एल्युथेरोकॉकस या काटेरी झुडपावर वर्षानुवर्षे संशोधन केले. जंगली जिनसेंग दुर्मीळ आणि महाग होते, हे झुडूप हाताशी होते, आणि थकवा न येता काम करणारी माणसे राज्यसंस्थेला हवी होती.

ब्रेखमन आणि त्यांचे सहकारी दार्दिमोव्ह यांनी 1960च्या दशकात अ‍ॅडॅप्टोजेनची जी व्याख्या रूढ केली, तिच्यात तीन अटी होत्या. असा पदार्थ कोणत्याही एकाच प्रकारच्या नव्हे, तर सर्व प्रकारच्या ताणांविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती वाढवतो. बिघाड ज्या दिशेला असेल त्याच्या उलट दिशेने शरीराला मूळपदावर आणतो. आणि तो निरुपद्रवी असतो. ही तिसरी अट वाचली तेव्हा मी थबकले. एखादा पदार्थ निरुपद्रवी आहे की नाही हे तपासून ठरवायचे असते. इथे ते व्याख्येतच गृहीत धरले गेले होते. एकदा का एखादी वनस्पती या यादीत गेली, की ती निर्धोक आहे हे जणू आपोआप सिद्ध होते. दुसरी अटही तितकीच गोड आहे. जास्त असेल तर कमी करणार, कमी असेल तर वाढवणार, म्हणजे चुकायला जागाच नाही! युरोपीय औषध संस्थेने 2008 साली या संकल्पनेचा आढावा घेतला आणि ही संज्ञा औषधशास्त्रात मान्य करण्याइतका आधार नाही, असा निष्कर्ष काढला. बाजारावर त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही. आज हा शब्द कॉफीच्या पाकिटापासून चॉकलेटच्या वेष्टनापर्यंत सगळीकडे भेटतो.

आपल्याकडे अश्वगंधेला जो शब्द होता तो वेगळा होता: रसायन, म्हणजे शरीराचे बळ आणि तारुण्य टिकवणारे औषध. चरकसंहितेत ती बल्य, म्हणजे बळ देणाऱ्या, आणि बृंहणीय, म्हणजे अंग भरून आणणाऱ्या द्रव्यांच्या गणांत येते, आणि भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ती कडू, तुरट आणि उष्ण सांगितली आहे. यातला उष्ण हा शब्द माझ्यासारख्या घाईच्या माणसाने दोनदा वाचावा असा आहे. एखादे द्रव्य उष्ण आहे असे सांगितले, की ते कुणाला मानवेल आणि कुणाला नाही, कोणत्या ऋतूत द्यावे, पचनशक्ती कशी असताना द्यावे, हे सगळे प्रश्न ओघाने येतात. रसायन घेण्याआधी शरीराची शुद्धी करून घ्यावी, असे चरकांनी सांगितले आहे. मळलेल्या कपड्यावर रंग चढत नाही, हा दृष्टान्त वैद्यमंडळी त्यासाठी हमखास देतात. आणि त्याच प्रकरणात आचाररसायन म्हणून एक भाग आहे, ज्यात एकही वनस्पती मुख्य नाही. खरे बोलणारा, न रागावणारा, मद्यापासून दूर राहणारा, अतिश्रम न करणारा, शांत, गोड बोलणारा, ज्याचे झोपणे आणि जागणे प्रमाणात आहे, जो नेमाने दूध-तूप घेतो, अशा माणसाला रसायनाचे फळ मिळते, असे तिथे म्हटले आहे. मी मात्र चार तासांच्या झोपेवर दोन कॅप्सुली टाकून मार्चअखेर काढत होते.

पुढे डिसेंबरात मला एक वेगळीच संधी मिळाली. माझा एक मावसभाऊ जामनेरकडे शेती करतो. त्याने आपल्या हलक्या, मुरमाड रानात एकरभर अश्वगंधा लावली होती. खानदेशात काय किंवा आपल्याकडे दख्खनच्या पठारावर काय, हे झुडूप बांधावर आणि पडीक जागी आपसूक उगवते. आस्कंद किंवा ढोरगुंज म्हटले की जुन्या लोकांना ते लगेच कळते. वांगी, मिरची, टोमॅटो यांच्याच कुळातले हे कमरेइतके झुडूप, पानांवर करडी लव, आणि फळ म्हणजे कागदी पिशवीत लपलेला गुंजेएवढा लाल मणी. भाऊ म्हणाला, ‘ताई, हिला लाड चालत नाहीत. पाणी साचले की मेलीच.’ पावसाचा जोर ओसरला की ऑगस्ट-सप्टेंबरात एकरी चार-पाच किलो बी फोकून द्यायचे, पाच-सहा महिन्यांनी पाने सुकू लागली आणि फळे लाल झाली की झाड मुळासकट उपटायचे. एकरी दीड-दोन क्विंटल सुकी मुळे हाती लागली तरी समाधान मानावे लागते. मी गेले तेव्हा पीक उभे होते. त्याने माझ्यासाठी एक झाड उपटले, मूळ पाण्यात खळबळून धुतले आणि नखाने साल खरवडून माझ्या नाकाशी धरले. अश्वगंधा हे नाव का पडले, ते सांगायची गरज उरली नाही. तबेल्यात शिरल्यावर जो उग्र दर्प येतो, तोच.

माल तयार झाल्यावर मार्चमध्ये तो मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीत घेऊन गेला आणि मीही दोन दिवसांची रजा काढून त्याच्याबरोबर गेले. अश्वगंधेचा देशातला मोठा बाजार नीमच आणि शेजारच्या मंदसौर भागातच भरतो. तिथे पोत्यांच्या थप्प्यांमधून फिरताना एक गोष्ट मनात ठसली. व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर मुळे काढतो, त्यातले एक घेतो आणि काडकन मोडतो. चांगले मूळ खडूसारखे तुटते आणि आत पांढरेशुभ्र, पिठूळ दिसते. बोटाएवढे जाड, सहा-सात सेंटिमीटर लांब, सरळ आणि ठिसूळ तुकडे पहिल्या प्रतीत जातात. बारीक, फाटे फुटलेली, पिवळट पडलेली मुळे खालच्या प्रतींत. चिवट मूळ मोडताना वाकले की भाव पडतो. एकाच शेतातल्या, एकाच दिवशी उपटलेल्या मुळांच्या तिथे चार प्रती झालेल्या मी पाहिल्या. माझ्या बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये यातली कोणती प्रत होती, हे त्या बाटलीवर कुठेही लिहिलेले नव्हते.

मूळच होते का, हाही प्रश्न रास्त आहे. अश्वगंधेतील विथानोलाइड या गटातली द्रव्ये मुळांप्रमाणे पानांतही असतात, आणि त्यांपैकी विथाफेरिन-ए नावाचे, पेशींवर तीव्र परिणाम करणारे द्रव्य पानांत मुळांपेक्षा पुष्कळ जास्त असते. पाला मुळांपेक्षा स्वस्त. आयुष मंत्रालयाने 2021 साली उत्पादकांना पानांचा वापर न करता मुळेच वापरण्याविषयी सूचनाही काढली. शिवाय चूर्ण आणि अर्क यांत आपण गल्लत करतो. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशात मुळाच्या चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम दिलेली आहे. कॅप्सूलमध्ये असतो तो बहुधा अर्क, आणि अर्काच्या मिलिग्रॅमला एकट्याने काही अर्थ नसतो. 5 टक्के विथानोलाइड असलेला 300 मिलिग्रॅम अर्क म्हणजे 15 मिलिग्रॅम विथानोलाइड. तोच अर्क 35 टक्क्यांचा असेल तर 105. दोन्ही बाटल्यांवर आकडा 300 चाच. टक्केवारी शोधायला मला भिंग लागले.

आता प्रयोगांविषयी. 2012 साली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्याचा दाखला जवळजवळ प्रत्येक जाहिरात देते. सतत ताणाखाली असलेल्या 64 प्रौढांना दोन गटांत विभागून 60 दिवस रोज दोनदा 300 मिलिग्रॅम मुळाचा अर्क किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय औषध दिले गेले. अर्क घेणाऱ्यांचे ताणाचे गुण लक्षणीय उतरले आणि रक्तातले कॉर्टिसॉल, म्हणजे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून पाझरणारे ताणाचे संप्रेरक, सुमारे 28 टक्क्यांनी घटले. झोपेबाबतच्या पाच चाचण्यांचा, एकूण 400 जणांचा, एकत्रित आढावा 2021 साली आला; त्यात लाभ थोडा पण निश्चित दिसला, आणि तो रोज 600 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रेत, आठ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ घेणाऱ्यांत ठळक होता. माझा स्वतःचा अनुभव याच्याशी जुळतो. पण हे अभ्यास लहान आहेत, दोन-तीन महिन्यांचे आहेत, आणि त्यांत प्रामुख्याने अन्यथा निरोगी असलेली माणसे घेतली जातात. दुसरे औषध चालू असलेली, रात्री जागणारी, पंचेचाळिशी ओलांडलेली बाई त्यांत सहसा नसते.

जो अभ्यास मी आधी वाचायला हवा होता, तो 2018चा आहे. थायरॉइडचे काम किंचित मंदावलेल्या 50 जणांना आठ आठवडे रोज 600 मिलिग्रॅम अश्वगंधा किंवा निष्क्रिय औषध दिले गेले, आणि अश्वगंधा घेणाऱ्या गटात टीएसएच खाली आला व टी-3, टी-4 ही थायरॉइडची संप्रेरके वाढली. संशोधकांनी हा लाभ म्हणून मांडला आणि त्या रुग्णांसाठी तो लाभ असेलही. पण ज्याची थायरॉइडची पातळी गोळीने आधीच बरोबर राखलेली आहे, त्याच्या बाबतीत हाच परिणाम काठोकाठ भरलेल्या तांब्यात आणखी पाणी ओतण्यासारखा आहे. माझी मात्राही रोज 600 मिलिग्रॅमच होती आणि कालावधी दहा आठवड्यांचा. एका रुग्णावरून कारण सिद्ध होत नाही, हे डॉक्टरांनी मला प्रामाणिकपणे सांगितले. मात्र त्यांनी गोळीचा डोस बदलला नाही, फक्त कॅप्सूल बंद करायला सांगितले.

यकृताविषयीही लिहिले पाहिजे, कारण ते याहून गंभीर आहे. 2020 साली आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अश्वगंधेनंतर कावीळ झालेल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. काही आठवडे औषध घेतल्यानंतर कावीळ आणि अंगाला असह्य खाज, असे हे दुखणे होते. 2023 साली भारतातूनही अशा रुग्णांची मालिका प्रसिद्ध झाली आणि ज्यांचे यकृत आधीपासून बिघडलेले होते त्यांची अवस्था त्यात फार वाईट झालेली दिसली. त्याच वर्षी डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. इतकी टोकाची बंदी मला पटत नाही. लाखो लोक ही वनस्पती घेतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना हा त्रास होतो. पण कोरोनाकाळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले जात असताना मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद डॉक्टरांनी केली, तेव्हा आपण ती आयुर्वेदाची बदनामी म्हणून झटकून टाकली, हेही मला आठवते. झटकणाऱ्यांत मीही होते. गर्भवती, थायरॉइडची गोळी घेणारे, यकृताचे रुग्ण, झोपेची किंवा शामक औषधे घेणारे, मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, यांनी स्वतःच्या मनाने अश्वगंधा घेऊ नये, एवढे मी आता ठामपणे सांगते.

जूनमध्ये मी आमच्या भागातल्या एका जुन्या वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारायला सुरुवात केली. भूक लागते का, की घड्याळ पाहून जेवता? रात्रीचे जेवण किती वाजता? पोट साफ होते का? पाळी कशी आहे? आणि रात्री जागे का राहावे लागते? अर्धा तास हेच चालले होते. मग त्यांनी बरणीतून एक मूळ काढून दाखवले आणि क्षीरपाक कसा करतात ते समजावले: द्रव्य एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, मंद आंचेवर पाणी आटून फक्त दूध उरेपर्यंत उकळायचे आणि गाळून घ्यायचे. एवढे सांगून झाल्यावर त्यांनी बरणीचे झाकण लावले. ‘हे तुम्हाला मी देणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला आत्ता बळ देणे म्हणजे दमलेल्या बैलाला आणखी एक खेप ओढायला लावणे आहे. अगोदर रात्रीची सोय लावा.’

त्यांच्याकडून मी एकही पुडी न घेता घरी आले आणि त्याच रात्री नाशिकला भावाला फोन केला. आईचे करायचे ते मीच करणार, असे मी कोणी न सांगताच ठरवून टाकले होते; त्याला कधी विचारलेच नव्हते. तो दुसऱ्याच आठवड्यात आला. तेव्हापासून गुरुवार ते रविवार रात्री तो आईजवळ असतो, बाकीच्या तीन रात्री मी. कॅप्सूल बंद केल्यावर आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासला, तो 2.4 आला. थायरॉइडची गोळी आजही तीच, 50 मायक्रोग्रॅमची, सकाळी उपाशीपोटी. नीमचहून आणलेले एक मूळ माझ्या लिहायच्या टेबलावर आहे. त्याचा दर्प आता बराच उतरला आहे, पण तुटलेल्या कडेवरचा पांढरेपणा तसाच आहे.